ताडपत्रीचा घाम

आदिलाबाद जिल्ह्यात होडी हे रोजचं वाहन नाही. उन्हाळ्यात पैनगंगा वाळू उघडी टाकते आणि श्रावणात तेच पात्र गढूळ पाण्यानं भरून महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही काठांवर चढतं. अशा मुलखात पूरबचावासाठी ठेवलेली होडी पाण्यावर असते ती वर्षातले मोजके दिवस. बाकीचं वर्ष ती एखाद्या आवारात ट्रेलरवर निजलेली असते. तिचं बहुतेक आयुष्य नदीवर नव्हे, पांघरुणाखाली जातं. म्हणूनच हे पांघरूण कोणतं असावं, याचा विचार होडी घेताना करतात तितक्याच आस्थेनं व्हायला हवा. तो करताना एकच प्रश्न पहिल्यानं ओठावर येतो: यातून पाणी आत येईल का? माझ्या मते तो दुसरा प्रश्न. आतली ओल बाहेर कुठून जाणार, हा पहिला.

याचं उत्तर आदिलाबादच्या कापूस बाजारात दर हंगामात मांडलेलं असतं. दिवाळीच्या आगेमागे ट्रॉल्या आणि बंड्या पांढऱ्या ढिगांनी भरून रांगेला लागतात. आभाळ भरून आलं की हातोहात ताडपत्र्या ओढल्या जातात, कडांच्या दोऱ्या आवळल्या जातात. पण ऊन पडताच त्या पुन्हा सुटतात, आणि हे सुटणं मला आवळण्याइतकंच मोलाचं वाटतं. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेतला जात नाही. पूर्ण भाव आणि नकार यांच्यात अंतर आहे ते अवघ्या चार टक्के ओलीचं. वेचलेल्या कापसात सरकी असते आणि ती जिवंत असते. ओल्या ढिगात ती ऊब धरते, रुई पिवळी पडते. दिवसभर घट्ट बांधलेल्या ताडपत्रीला आतून घाम सुटतो. पावसाचा एक थेंबही आत शिरलेला नसतो आणि तरीही वरचा थर ओलसर लागतो. पावसापासून राखायचं आणि वाफेत कोंडायचं नाही, हे दुहेरी भान ज्याच्या वर्षभराच्या कष्टाचं मोल त्या ढिगात आहे, त्याच्या हातांना पक्कं असतं.

होडीत सरकी नसली तरी ओल असतेच. तळाशी साचलेलं पाणी, भिजलेले दोर, ट्रेलरखालची ओली माती या सगळ्यांची वाफ पांघरुणाखाली गोळा होते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावून घेते, २० अंशांना जेमतेम १७. पावसाळा सरता सरता निरभ्र आभाळाखाली ताडपत्री आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, आणि न मावणारी वाफ तिच्या पोटाशी थेंब होऊन लटकते. पहाटे ते थेंब पुन्हा होडीत गळतात. रोज रात्री हा बारीकसा पाऊस पडत राहिला की प्लायवूड फुगतं, तारांच्या जोडांवर गंज धरतो, जीवरक्षक जाकिटांवर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. पूर येतो त्या दिवशी हीच जाकिटं कुणाच्या तरी अंगावर चढवायची असतात.

म्हणून अगदी न झिरपणाऱ्या प्लास्टिकपेक्षा पाणी निथळून टाकणारं पण वाफेला वाट देणारं जाड पॉलिएस्टरचं किंवा कॅनव्हासचं कापड मी श्रेष्ठ मानतो. कापड असं असेल तर पाऊस झिरपेल, ही हरकत रास्त आहे. पण कापड झिरपतं ते बहुधा पाणी साचतं तिथे. पांघरूण मध्ये खोलगट झालं आणि एक चौरस मीटरच्या खळग्यात नुसतं ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं, तरी ते ५० किलोंचं ओझं होतं. एवढा भार शिवण उसवतो, कापड ताणून पातळ करतो, आणि मग दोष कापडाच्या माथी येतो. मधोमध आडवी काठी घालून पाखं केली, होडीचं नाक थोडं उंच ठेवलं आणि तळाचं बूच काढून ठेवलं, की पाणी उभंच राहत नाही.

दुसरी हरकत पैशाची. निळी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त, फाटली तर नवी आणावी. पण आदिलाबादचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या उन्हात हलकं प्लास्टिक आधी कडक होतं, मग घडीवर तडकतं. शिवाय सैल ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होडीचा रंग घासते. वावटळीच्या मुलखात हे नुकसान थोडं नसतं. फिकट रंगाचं, मापाचं, ट्रेलरच्या चौकटीला खालून बांधलेलं कापड महाग पडतं हे खरं, पण ज्या वस्तूनं एका दिवसात माणसं काढून आणायची, तिच्यासाठी हा खर्च मला जड वाटत नाही. पक्की शेड असेल तर उत्तमच. पण भिंती बंद आणि झरोका नाही अशी शेड म्हणजे पत्र्याची ताडपत्रीच.

कोकणात हे शहाणपण जुनं आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. शाकारणं हे क्रियापद मुळात घराच्या छपराचं. होडीलाही तेच लागतं. नारळाच्या विणलेल्या झापांवरून पावसाचं पाणी ओघळून जातं आणि त्यांच्या फटींतून वारा खेळतो. ही झापं फार टिकत नाहीत, असा आक्षेप घेता येईल, पण त्यांनी तगायचं असतं ते एका पावसाळ्यापुरतं. ट्रेलरवरच्या होडीला बारा महिने काढायचे असल्यानं तिला झापांची चिवट बहीण हवी, गुण मात्र तेच.

आणि कापड कितीही चांगलं असलं तरी कापूसवाल्याचा हात त्याला हवाच. भाद्रपदात उघडीप पडली, ऊन ट्रेलरच्या चाकांवर आलं, की दोऱ्या सैल कराव्यात, पुढचं टोक उचलून काठीवर टाकावं. आतून आधी कोंदट, कुबट वाफ बाहेर येते. मग पैनगंगेकडून आलेला वारा एका बाजूनं आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं कापड हलकेच फुगवून निघून जातो.