तळणीचं तेल

सकाळी डब्यातून कढईत उतरलं तेव्हा ते इतकं नितळ होतं की खालचं लोखंड दिसत होतं. पहिल्या घाण्याचे वडे त्याने सोनेरी करून दिले. मग भजी आली, मिरच्या आल्या, पुन्हा वडे. दोनतीन दिवसांत ते काळवंडलं, दाट झालं, घाणा सोडला की फेसाळू लागलं. तापून तापून तेल असंच बिघडतं. त्यातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम आपल्याकडे 2018 पासून आहे.

मग त्याने जावं कुठे? मोरीत ओतलं तर नळ तुंबवतं. स्वस्तात विकलं तर दुसऱ्या कढईत शिरतं आणि कुणाच्या तरी पोटात जातं. त्याचा मान राखणारी जागा वेगळीच आहे, डिझेल इंजिनाची टाकी.

ही ओळख जुनीच. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. पण तळणीचं तेल आहे तसं घातलं तर दाटपणामुळे इंजिनात त्याचा बारीक फवारा उडत नाही. म्हणून आधी ते गाळतात, त्यातलं पाणी काढतात, आंबटपणा उतरवतात. मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून साधारण साठ अंशांवर घुसळतात. जन्मापासून बिलगलेलं ग्लिसरीन सुटून तळाशी बसतं. ते शुद्ध केलं की साबणाच्या कामी येतं. वर उरतं ते बायोडिझेल, पातळ आणि हलकं.

आता त्याचा स्वभाव पाहा. अंगात गंधक जवळजवळ नाही. प्राणवायू मात्र स्वतःचा आहे, वजनाच्या सुमारे 11 टक्के, म्हणून ते नीट जळतं आणि काजळी कमी सोडतं. गंधक काढल्यावर डिझेलचा वंगणगुण घटतो; हे एकदोन टक्के मिसळलं तरी तो भरून येतो. शंभर अंशांच्या आत त्याची वाफ पेट घेत नाही, त्यामुळे साठवायला ते डिझेलपेक्षा निर्धोक. जमिनीवर सांडलं तर जिवाणू ते पचवतात. आणि जळताना ते जो कार्बन सोडतं, तो बहुतांशी झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो; डिझेलमधला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला.

उणिवाही आहेत. थंडीत ते गोठू लागतं. लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्के कमी देतं. नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी जास्त सोडतं. जुन्या टाकीतला गाळ सोडवून आणतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर तुंबतो.

तरीही मला ते जवळचं वाटतं. दोनतीन दिवस दुसऱ्यांची भूक भागवून थकलेलं हे तेल अजून बस ओढू शकतं, शेतातला पंप चालवू शकतं. त्यासाठी रात्री वड्यांची गाडी आवरताना कुणीतरी ते निववून, गाळून वेगळ्या डब्यात भरायला हवं. कढई कुठे कलते, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.