हेल्मेटमध्ये एकच आवाज पुरे

तुमच्या घरातलं कुणी मोटारसायकलवर बाहेर पडलं, की तुम्ही किती वेळा फोन करता? अगदी खरं सांगा. मी तासातासाला करायचे. ‘कुठे पोहोचलात?’ एवढंच तर विचारायचं असतं, त्यात काय बिघडलं, असं मला वाटायचं.

आम्ही इंदूरला राहतो. आमच्या ह्यांना रविवारी मोटारसायकल काढून मांडू, महेश्वर असं भटकायची भारी हौस. मी मागे बसले की रस्ता सांगायचं काम माझ्याकडे. पण माझं ‘उजवीकडे’ दोन हेल्मेट आणि वारा ओलांडून त्यांच्या कानापर्यंत जाईस्तोवर वळण मागे पडलेलं असायचं. पुढचा रस्ता मग भांडणात सरायचा.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा वीस वर्षं कपाटात पडून होता. एके दिवशी सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर बाहेर काढला आणि ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, तुमच्या हेल्मेटमध्येच रस्ता बोलायला लावते.’’

भावाकडे एक जुनं जीपीएस यंत्र पडून होतं. नकाशा त्याच्या पोटातच असतो आणि जागा ओळखायला उपग्रहांचे संकेत पुरतात. त्यामुळे घाटात मोबाइलची रेंज गेली तरी ते अडत नाही. बाजारातून दोन चपटे स्पीकर आणि छोटा माइक आणला. हेल्मेटच्या आतल्या कापडाखाली कानाच्या जागी मुळातच खोलगट भाग होता, तिथे स्पीकर बसवले. तुम्ही हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा, जागा करण्यासाठी आतलं थर्माकोल कधीही कापू नका. डोकं वाचवतं ते तेच.

खरी गंमत जोडणीत होती. जीपीएस आणि फोन, दोघांचे आवाज एकाच स्पीकरमध्ये आणायचे होते. दोन्ही वायरी नुसत्या एकमेकींना पिळून चालत नाही. एका यंत्राचा आवाज दुसऱ्या यंत्रात उलटा शिरतो. म्हणून प्रत्येक वायरीत एकेक रेझिस्टर घातला. आवाज थोडा कमी झाला, पण स्वच्छ आला. फोनच्या पिनवर तीन नव्हे, चार कडी असतात, चौथी माइकची. ती चुकली तर तुम्हाला समोरच्याचं ऐकू येतं, पण तुमचं त्याला जात नाही. जीपीएस गाडीच्या बॅटरीवर जोडताच कानात कूं कूं सुरू झाली. गाडीचा वेग वाढला की तिचा सूरही चढायचा. अर्थिंग दोन वाटांनी जुळलं की असं होतं. मध्ये आयसोलेटर टाकल्यावर ती थांबली. बॅटरीजवळ फ्यूज लावला. हेल्मेटची वायर मानेपाशी सैल पिनने जोडली, म्हणजे झटका बसला तर आपोआप सुटेल.

आणि सगळ्यात शेवटी मी फोनमध्ये एक सोय चालू केली. हेडसेट जोडलेला असेल तर आलेला फोन आपोआप उचलला जाईल. ह्यांना हँडलवरचा हात काढायला नको! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या रविवारी सासूबाईंना बरं नव्हतं, म्हणून मी घरीच थांबले. हे एकटेच जाम दरवाजाच्या घाटातून महेश्वरला निघाले. अकराच्या सुमाराला मी सवयीने फोन लावला. लगेच उचलला गेला. ‘‘अहो, काही खाल्लंत का?’’ मी विचारलं.

उत्तर आलं नाही. ‘‘अगं...’’ एवढंच ऐकू आलं. मग पत्रा घासल्यासारखी खरखर. मग काहीच नाही.

ती आठ मिनिटं मी कशी काढली, ते लिहून सांगता येणार नाही. मग त्यांचाच फोन आला. वळणावर खडी पसरली होती. त्याच क्षणी एका कानात यंत्र वळण सांगत होतं आणि त्यावरच माझा आवाज चढला. नजर रस्त्यावर होती, पण लक्ष माझ्याकडे गेलं आणि ब्रेक लावायला उशीर झाला. कोपर सोलवटलं, अंगठा मुरगळला. पिन सुटल्यामुळे वायर मानेला ओढली गेली नाही. मागून ट्रक येत नव्हता, ही केवळ देवाची कृपा.

घरी आल्यावर ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. हात मोकळे राहिले की धोका संपला, असं मी धरून चालले होते. पण मन कुठे मोकळं होतं? ‘पुढे डावीकडे’ हे यंत्राचं वाक्य रस्त्याबद्दलच असतं, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. बायकोच्या प्रश्नाला द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला बदलही हेच सांगतो, की गाडी चालवताना हातातलं यंत्र वापरायचं ते फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवलं. फोन आपोआप उचलण्याची सोय बंद केली. फोनच्या वायरीत एक स्विच घातला आणि तो मुद्दाम सीटखाली बसवला. गाडी उभी करून, उतरून, सीट उघडल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही. जीपीएसची वायर मात्र सरळच ठेवली.

आता ते चहाला थांबले की स्वतःच फोन करतात. मधल्या वेळात माझ्या पोटात गोळा येतो, नाही असं नाही. चार वेळा फोन हातात घेते आणि खाली ठेवते. तुमच्याही घरातलं माणूस आत्ता रस्त्यावर असेल, तर ‘पोहोचलात का?’ हा प्रश्न थोडा वेळ तुमच्यापाशीच ठेवा. त्याचं उत्तर त्याला घरी येऊन देऊ द्या.