खातरजमा

उर्दूत समोरच्याला निश्चिंत करायचं असेल तर म्हणतात, ‘ख़ातिर जमा रखिए.’ काळजी करू नका, मन ठिकाणावर ठेवा. हेच दोन शब्द मराठीत आले, एकमेकांना चिकटले आणि त्यांनी कूस बदलली. मराठीत आपण खातरजमा ‘करतो’. कागद खरा आहे का, माणूस सांगतो ते तसंच आहे का, हे स्वतः पाहून घेतो. उर्दूत ती ठेवायला सांगतात, मराठीत ती करावी लागते. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा फरक मी मुलांना दरवर्षी सांगतो आणि मुलं दरवर्षी हसतात.

अणुवीज प्रकल्पावर लिहायला बसलो आणि हाच शब्द आधी आठवला. मी विज्ञानाचा शिक्षक नाही. पण कोकणात, राजापूर तालुक्यात, आमचे नातेवाईक आहेत. जैतापूरचा विषय निघाला की बोलणं मासळी, समुद्रात सोडलं जाणारं गरम पाणी आणि जमिनीचा मोबदला इथेच फिरतं. एकदा माझ्या खालाच्या मुलाने वेगळंच विचारलं. तो बोटीच्या इंजिनाचं काम करतो. म्हणाला, “भाई, दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो, हे सगळे सांगतात. तो परत बंद होतो की नाही, हे कोण बघतं?”

इंजिनावर हात काळे करणाऱ्याचाच हा प्रश्न. आणि अणुऊर्जेच्या इतिहासातला एक मोठा अपघात नेमका याच प्रश्नावर घडलेला आहे.

आधी कुकर. शिट्टी दाब वाढला की उचलली जाते, वाफ सोडते आणि परत बसते. झाकणावर आणखी एक छोटं बटण असतं, सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टी तुंबली, कुकर फार तापला की त्यातला धातू वितळतो आणि सगळी वाफ बाहेर पडते. तो एकदा उघडला की बंद होत नाही, दुकानातून नवा आणून बसवावा लागतो. स्वयंपाकघरात हे चालतं, कारण आपण गॅस बंद करतो आणि विषय संपतो. डाळ वाया जाते, बस्स.

अणुभट्टीत गॅस पूर्ण बंद करता येत नाही. साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबवता येते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. भट्टी थांबल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या साधारण सहा टक्के असते, मग हळूहळू उतरते. सहा टक्के ऐकायला कमी वाटतं. पण 2,700 मेगावॉटहून जास्त उष्णता देणाऱ्या भट्टीत त्याचे दीडशे मेगावॉटच्या वर होतात. म्हणून तिथे व्हॉल्व्ह उघडला नाही तर नळ्या आणि पात्र फुटण्याची भीती, आणि बंद झाला नाही तर इंधन ज्या पाण्यात बुडालेलं असतं तेच पाणी निघून जाण्याची भीती. दोन्ही बाजूंनी मरण.

28 मार्च 1979, पहाटेचे चार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात, थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब चढला. 2,255 पौंड प्रति चौरस इंचाला उघडायचा तो झडपेचा व्हॉल्व्ह उघडला. घरच्या कुकरच्या दीडशेपट दाब समजा. भट्टीही आपोआप थांबली. दाब उतरू लागला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. आता व्हॉल्व्हने मिटायचं होतं. तो मिटला नाही.

नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला. दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह बंद, असं तिथली माणसं धरून चालली. पण तो दिवा व्हॉल्व्हशी जोडलेलाच नव्हता. तो व्हॉल्व्हला मिळणाऱ्या विजेच्या हुकुमाशी जोडलेला होता. ‘बंद हो’ असा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, हे दाखवणारी थेट खूण समोर नव्हतीच.

शिक्षकांना हा दिवा ओळखीचा आहे. आपण विचारतो, “समजलं का?” वर्ग एका सुरात म्हणतो, “हो सर.” आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

त्यातली कडू गोष्ट अशी की हा दिवा बसवला गेला तोच आदल्या वर्षीच्या बिघाडानंतर. 29 मार्च 1978 रोजी याच भट्टीत हाच व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. म्हणून खूण हवी असं ठरलं आणि जी खूण बसवली ती अर्धी. नंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने नोंदवलं की त्याच कंपनीच्या अणुभट्ट्यांत या जातीचे व्हॉल्व्ह आधी नऊ वेळा उघडे अडकले होते. 24 सप्टेंबर 1977 ला ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात तर जवळजवळ असाच प्रसंग झाला होता. तिथे भट्टी नऊ टक्के क्षमतेवर चालू होती आणि वीसेक मिनिटांत माणसांच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. कंपनीतल्या अभियंत्यांनी इशारा लिहिला, पण तो इतर केंद्रांच्या नियंत्रण कक्षांपर्यंत पोचला नाही. (केमेनी म्हणजे बेसिक ही संगणकाची भाषा तयार करणाऱ्या दोघांपैकी एक. आमच्या पिढीने शाळेच्या संगणकावर पहिल्या ओळी त्याच भाषेत लिहिल्या.)

पुन्हा त्या पहाटेकडे. दुसऱ्या खुणा होत्या. व्हॉल्व्हच्या पुढच्या नळीचं तापमान चढलेलं होतं. पण व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता, त्यामुळे ती नळी गरम असण्याची सगळ्यांना सवय झाली होती. वाफ ज्या टाकीत जाते तिचे काटे मुख्य फळ्याच्या मागच्या बाजूला होते. शंभरावर धोक्याचे इशारे एकदम वाजत होते. आणि पाण्याची पातळी एका टाकीत वर गेलेली दिसत होती, म्हणून भट्टीत पाणी जास्त झालंय असं समजून आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला गेला. त्या माणसांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांना शिकवलं होतं तसंच ते वागले.

6 वाजून 22 मिनिटांनी, पुढच्या पाळीला आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून त्या नळीवरचा दुसरा, अडवणारा व्हॉल्व्ह बंद केला गेला. दोन तास बावीस मिनिटं. तोवर 32 हजार गॅलन पाणी निघून गेलं होतं. इंधनाचा जवळजवळ अर्धा भाग वितळला, हे तर पुढे कित्येक वर्षांनी कळलं. 1982 मध्ये पहिल्यांदा आत कॅमेरा सोडला तेव्हा जिथे इंधन असायला हवं तिथे पोकळी दिसली.

आणि हा व्हॉल्व्ह कागदोपत्री ‘सुरक्षेशी संबंधित’ गटात नव्हताच. त्याच्या मागे आणखी वरच्या दाबाला उघडणारे स्प्रिंगचे सेफ्टी व्हॉल्व्ह होते, काटेकोर नियम त्यांच्यासाठी. हा आपला बारीकसारीक कामाचा.

त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने वीजकंपन्यांना सांगितलं की व्हॉल्व्ह पुरेसे आहेत हे कागदावर नको, चाचणीत दाखवा. तोवर असे व्हॉल्व्ह मुख्यतः वाफेचा हिशेब धरून तयार होत आणि तपासले जात. अपघातात मात्र त्यातून वाफ जाते, पाणी जातं, दोन्हींचं फेसाळ मिश्रणही जातं. 1980-81 मध्ये ईपीआरआय या संशोधन संस्थेने पूर्ण आकाराचे व्हॉल्व्ह घेऊन चाचण्या केल्या. एवढी वाफ आणायची कुठून? काही चाचण्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्शल या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात झाल्या, काही कनेक्टिकट आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळांत.

जे दिसलं ते आकडेमोडीत दिसलं नसतं. काही स्प्रिंगचे व्हॉल्व्ह थरथरायला लागले, दात वाजावेत तसे सेकंदात कित्येकदा उघड-मिट. व्हॉल्व्हच्या आतल्या कड्या किती वर-खाली बसवल्या आहेत, त्याच्याकडे येणारी नळी किती लांब आहे, नळीच्या बाकात पाणी साठलंय का, यावर सगळं बदलत होतं. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा. कोणत्या नळीवर, कोणत्या कड्यांवर, काय वाहत असताना?

फ्रान्सने दुसरा मार्ग घेतला. तिथल्या अणुभट्ट्यांत एकामागे एक दोन व्हॉल्व्ह बसवले. पहिला उघडून अडकला तर दुसऱ्याने मिटायचं. मला हे आवडलं, कारण यात एखादी वस्तू दगा देणार हे आधीच मान्य केलेलं आहे.

आता जैतापूर. तिथे ज्या उभारायच्या ठरल्या त्या ईपीआर जातीच्या फ्रेंच भट्ट्या, सहा, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या. डिसेंबर 2010 मध्ये सार्कोझी भारतात आले तेव्हा प्राथमिक करार झाला. तीन महिन्यांत फुकुशिमा झालं. 18 एप्रिल 2011 ला नाटे इथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार गेला. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली होती की नाही आठवत नाही, फोन मात्र रात्रभर चालू होते.

ईपीआरच्या दाब सांभाळणाऱ्या टाकीवर तीन सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. त्यांना उघडायला-मिटायला लावणारा एक छोटा व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या अंगावर असतो, पायलट. 2015 मध्ये फ्रान्समधल्या अणुसुरक्षा संस्थेने फ्लामांव्हिलच्या ईपीआरसाठीच्या याच व्हॉल्व्हबद्दल चिंता नोंदवल्याच्या बातम्या आल्या आणि त्या बातम्यांत थ्री माइल आयलंडची आठवण निघाली. 2020 मध्ये फिनलंडच्या ओल्किलुओटो इथल्या ईपीआरमध्ये पायलट व्हॉल्व्हला तडे सापडले. ते भट्टी पूर्ण ताकदीने चालू होण्याआधी सापडले, हे चांगलंच. ओल्किलुओटोची ती भट्टी 2023 पासून नियमित वीज देते आहे आणि फ्लामांव्हिल डिसेंबर 2024 मध्ये जाळ्याला जोडली गेली. मी या बातम्या कुणाला घाबरवायला सांगत नाही. तडे सापडले याचा अर्थ कुणीतरी पाहत होतं. माझ्या दृष्टीने चिंता तिथे आहे जिथे काहीच सापडल्याचं कधी ऐकू येत नाही.

आपल्याकडे 2012 मध्ये कॅगच्या अहवालाने अणुऊर्जा नियामक मंडळाला स्वतंत्र कायदेशीर अधिकार नसल्यावर बोट ठेवलं होतं. आणि 2010 च्या जनसुनावणीच्या वेळी गावकऱ्यांची तक्रार होती की पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर हातात पडला नाही. लोकांना ‘ख़ातिर जमा रखिए’ सांगायला मंत्री, अधिकारी आणि शास्त्रज्ञ सगळे आले. मराठीतली खातरजमा करायची तर कागद वाचता यायला हवा.

जैतापूरची पुढची सुनावणी होईल तेव्हा होईल. तिथे जाणाऱ्यांनी ‘प्रकल्प सुरक्षित आहे का’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारावं ते असं: हा व्हॉल्व्ह खऱ्या आकारात, खऱ्या दाबाला कुठे तपासला? नुसत्या वाफेवर, की पाण्यावर आणि दोन्हींच्या मिश्रणावरही? किती वेळा उघडला, त्यातल्या किती वेळा पूर्ण मिटला? अडकला तर त्याच्या पुढे-मागे दुसरं काय आहे? नियंत्रण कक्षातली खूण व्हॉल्व्हच्या दांड्याशी जोडली आहे की हुकुमाच्या तारेशी? आणि चाचणी झाली तेव्हा, ज्यांनी तो बनवला त्यांच्याशिवाय तिथे कोण उभं होतं?