तामलवाडीच्या रस्त्यावरची गाणी

मुलांनो, सोलापूरहून एस.टी.ने तुळजापूरला निघालं की आधी हिप्परग्याचा तलाव मागे पडतो, मग उळे-कासेगाव मागे पडतं, सोलापूर जिल्हा संपतो आणि धाराशिव जिल्हा (म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद) सुरू होतो. तिथेच तामलवाडी आहे. हमरस्ता, टोलनाका, दोन्हीकडे शेतं आणि चहाची हॉटेलं. इथं बघण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. बघण्यासारखं फारसं नसेल, पण ऐकण्यासारखं भरपूर आहे! त्यासाठी मात्र कोजागरीला यायला हवं.

दसऱ्यानंतर तुळजाभवानी देवी पलंगावर झोपते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, अशी इथली रीत आहे. त्या पौर्णिमेसाठी सोलापूरहून लाखो माणसं पायी निघतात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तामलवाडी साधारण निम्म्या वाटेवर. वाहनं दुसऱ्या रस्त्यांनी वळवलेली असतात. मग त्या चौपदरी रस्त्यावर रात्रभर फक्त पावलं, चहा-फराळाचे मांडव आणि गाणी!

ही गाणी कुणाची? सगळ्यांत जुनी आराध्यांची आणि गोंधळ्यांची. आराधी म्हणजे देवीचे भक्त. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, दारोदार जोगवा मागायचा आणि गायचं. साथीला संबळ, तुणतुणं आणि झांज. संबळ तुम्ही जवळून पाहिला आहे का? दोन छोटी वाद्यं एकत्र बांधून कमरेशी लटकवलेली असतात. एकाचा आवाज खडा, दुसऱ्याचा घुमणारा. तुणतुण्याला तर तार एकच! आराध्यांच्या गाण्यात तुळजापूरची आई येते, आपल्याच जिल्ह्यातली येरमाळ्याची येडाईही येते. आणि भाषा कशी? अगदी तुमची आजी बोलते तशी. देवीशीसुद्धा ‘अगं आई’ असंच बोलायचं. आमच्या वर्गातली पोरं कवितेची दोन कडवी पाठ करायला आठवडा लावतात, पण आराध्यांचं गाणं एका रात्रीत तोंडपाठ! (याचं गुपित सापडलं, तर मला आधी सांगा.)

पूर्वी गाणी छापली जायची ती काळ्या तबकड्यांवर. त्या मोठ्या कंपन्यांनी काढायच्या आणि त्या वाजवायचं यंत्र गावात एखाद्याच घरी. मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली युरोपात आणली आणि १९८० नंतर ती आपल्या जत्रांमधून मिठाईसारखी विकली जाऊ लागली. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. आई-बाबांना विचारा, ते हसतील! कॅसेट स्वस्त होती, म्हणून आराध्यांची गाणी, भीमगीतं, लोकगीतं अशी सगळी मंडळी त्या छोट्या डबीत शिरली.

या काळातला एक आवाज तुम्ही नक्की ऐकलेला आहे, नाव कदाचित ठाऊक नसेल. प्रल्हाद शिंदे. जन्म १९३३, मृत्यू २००४. घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं. ते कव्वाली गायचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गाणी गायचे आणि विठ्ठलाची, गणपतीचीही गायचे. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांचंच. आवाज उंच आणि मोकळा, माळावर हाक मारावी तसा. लाऊडस्पीकर कितीही खरखरला तरी शब्द न् शब्द कळतो. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद शिंदे तसेच लोकप्रिय झाले, नातू आदर्शही गातो.

आता जरा हिशेब करा. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून सानेगुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं. त्या वेळी प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे असतील. म्हणजे तुमच्याच वयाचे! त्यांचा जन्म दलित कुटुंबातला. तोवर त्या देवळाचं दार त्यांच्यासारख्या मुलांना बंद होतं. त्यांच्याच मंगळवेढ्याचे संत चोखामेळा तर शेकडो वर्षांपूर्वी त्याच दाराबाहेर उभे राहून अभंग गायले. आणि पुढे त्याच पंढरीच्या वाटेवर कुणाचा आवाज घुमला? या मुलाचा! मला तर हे गाण्यापेक्षाही मोठं वाटतं.

घरच्या बोलीतलं गाणं लोकांना आपलं वाटतं, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही बरं का. चीनच्या दक्षिण किनाऱ्याला हाँगकाँग शहर आहे. तिथली माणसं घरात कँटोनीज बोली बोलतात. पण १९७० च्या आसपास रेडिओवर वाजायची ती बहुतेक इंग्रजी आणि मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी गाणी. मग सॅम हुई नावाच्या गायकाने १९७४ साली एका विनोदी सिनेमासाठी बाजारात बोलतात तसल्या कँटोनीजमध्ये गाणी म्हटली. विषय कुठले? पगार, जुगार, रोजची धावपळ! सगळं शहर ती गुणगुणू लागलं. पुढे रोमन टॅम, अनिता मुई, लेस्ली चेउंग असे मोठमोठे गायक त्या बोलीत गायले. कँटोनीजमध्ये स्वर चढला-उतरला की शब्दाचा अर्थच बदलतो. त्यामुळे गीतकाराला चालीच्या चढउतारात बसणारेच शब्द शोधावे लागतात. आपलं मराठी त्या मानाने सोपं म्हणायचं!

तर पुन्हा तामलवाडीला येऊ. आता कॅसेट गेली, गाणी मोबाइलमध्ये आली आणि मांडवांसमोर स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांच्या दणक्यात संबळ ऐकूच येत नाही, तुणतुण्याचं तर विचारूच नका. म्हणून कोजागरीला आलात तर मोठ्यांचा हात धरून सांगवी, माळुंब्र्याच्या बाजूने थोडं पुढे चाला. दोन मांडवांच्या मधे अंधारात स्पीकर मागे पडतो. तिथे कवड्यांची माळ घातलेल्या बायका गात जाताना भेटतात. त्यांच्याबरोबर चार पावलं चाला आणि विचारा, “मावशी, हे गाणं कुणाकडून शिकलात?” वही-पेन्सिल जवळ असू द्या. कॅसेटवर कधीच न आलेली गाणी त्यांच्याकडे पुष्कळ आहेत.