फ्रिजमधला पाहुणा

कासव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते शंकराच्या देवळातले दगडी कासव. जाताना त्याला नमस्कार करायचा आणि गाभाऱ्याकडे वळायचे, की आपला त्याच्याशी संबंध संपला. जिवंत कासवाशी माझा संबंध यावा आणि तो थेट फ्रिजपर्यंत पोचावा, हे माझ्या पत्रिकेत असेल असे कधी वाटले नव्हते. पण लेक परदेशी दिली म्हणजे आईच्या पत्रिकेत कोणकोणते ग्रह शिरतील, काही सांगता येत नाही!

हे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. पुण्याच्या घरात मी दार लावून बसत असे. भिशी सुटली, भजनी मंडळ सुटले. फोन वाजला तरी उठावेसे वाटेना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. ते जसे हातपाय आत ओढून घेते, तसे मीही सगळे आत ओढून घेतले होते, आणि मनाशी त्याला वैराग्य म्हणत होते. लेकीला ते पटेना. गेल्या वर्षी सप्टेंबरात ती आली, घराला कुलूप घातले आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर मला इंग्लंडात, रेडिंगला घेऊन गेली. तिथे मी दुसऱ्या एका खोलीत दार लावून बसू लागले, एवढाच काय तो फरक पडला.

त्या घरात नातवाचे कासव होते. वय दीड वर्ष, वजन ८४ ग्रॅम, तळहातावर मावेल एवढी मूर्ती. जावईबापूंनी त्याचे नाव ठेवले होते मंदोबा. आपल्याकडे तारांकित कासव घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण मंदोबा मध्य आशियातल्या माळरानावरच्या जातीचा, आणि ती पाळायला तिकडे मुभा आहे. त्याच्या लाकडी पेटीत माती आणि वाळू पसरलेली. एका टोकाला उबेसाठी दिवा, शिवाय कवच मजबूत व्हावे म्हणून अतिनील किरणांचा दुसरा दिवा. थाट असा, की आमच्या बाळंतिणीच्या खोलीतही नसायचा!

ऑक्टोबर उजाडला, दिवस लहान झाले आणि मंदोबाने माती उकरायला सुरुवात केली. सकाळी पाहावे तर पेटी रिकामी.

"आजी, मंदोबा पुन्हा गेला!" असे ओरडत नातू त्याला उकरून काढी, कोमट पाण्यात बसवी, दिव्याखाली ठेवी. मंदोबा दोन पाने कुरतडी, आमच्याकडे त्रासिक नजरेने पाही आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मातीत. असे तीन आठवडे चालले. माझी सहानुभूती अर्थातच मंदोबाला होती.

"अरे, झोपू दे त्याला," मी म्हणे. "सारखं काय उठवायचं!"

शेवटी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. मलाही बळेच गाडीत बसवले. बाई म्हणाल्या, "उकरणं हा त्याचा स्वभावच आहे. त्याच्या मुलखात कडक थंडीत आणि कडक उन्हाळ्यातही ही कासवं जमिनीत जातात. प्रकृती चांगली आहे. हवं तर दिवे वाढवून हिवाळाभर जागं ठेवा, नाहीतर नीट निजवा. पण हे अर्धवट नको. घरातल्या कोमट हवेत तो धड झोपत नाही, म्हणून अंगातला साठा जळत राहतो. आणि धड जागाही नसतो, म्हणून खाल्लेलं पचत नाही, पोटात कुजतं. असं कासव हळूहळू खंगतं, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, ते झोपलंय."

लेकीने हे सगळे मला मराठीत समजावून सांगितले. मला इंग्रजी कळते, हे तिला चांगले ठाऊक आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

निजवायचे ठरले. आणि कुठे? तर गॅरेजमधल्या जुन्या, छोट्या फ्रिजमध्ये! "आजी, तुझं लोणचं बाहेर काढ," अशी मला नोटीस मिळाली. पोट रिकामे व्हावे म्हणून आधी दोन आठवडे मंदोबाला उपास. पाणी मात्र रोज, कोमट आंघोळीतून. मग भोके पाडलेल्या डब्यात माती घालून त्याला आत ठेवला. उष्णता ५ अंशांच्या आसपास हवी. शून्याकडे गेली तर डोळे जातात, जीवही जातो; १० च्या वर गेली तर जाग येते. हवा बदलावी म्हणून रोज दार उघडायचे आणि दर आठवड्याला वजन करायचे. दहावा हिस्सा घटण्याची वेळ आली, की उठवायचे.

आता हे करणार कोण? लेक-जावई कामावर, नातू शाळेत. काम माझ्याकडे आले. गॅरेज बागेपलीकडे. रोज सकाळी कोट, मोजे, टोपी चढवून मी बाहेर पडू लागले. पहिल्या आठवड्यात मंदोबासाठी; दुसऱ्या आठवड्यात कुंपणापलीकडच्या म्हातारबाई हात हलवू लागल्या, म्हणून त्यांच्यासाठी. त्यांनी मला सेलबर्न गावातल्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याची गोष्ट सांगितली. १७८० साली आपल्या आत्याचे निजलेले कासव त्याने जमिनीतून उकरून काढले आणि घोडागाडीतून ८० मैलांवर आपल्या घरी आणले. धक्क्यांनी जागे झालेले ते कासव त्याच्या बागेत दोनदा शेवटपर्यंत चालत गेले आणि संध्याकाळी थंडी पडताच पुन्हा मातीत शिरले. त्याचे नाव टिमथी. पण ती मादी होती हे पुढे मेल्यावर कळले! मी हसले, आणि मग मनात आले, हिला तरी ८० मैलच नेले होते.

सहा आठवड्यांनी, जानेवारीत मंदोबाला बाहेर काढले. वजन ८१ ग्रॅम. कोमट पाण्यात ठेवताच त्याने मान बाहेर काढली आणि घटाघटा पाणी प्यायला. नातू नाचू लागला. लेक मात्र माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मला कळले, की गॅरेजची किल्ली माझ्या हाती देण्यात मंदोबाची काळजी अर्धीच होती.

मार्चमध्ये मी परत आले. कुलूप काढले, सगळ्या खिडक्या उघडल्या. ह्यांचे कपाट दोन वर्षांनी उघडले. बसून पोटभर रडले, आणि मग एकेक सदरा घडी घालून वेगळा काढला. शोक करायचाच तर तो पुरा करावा. अर्धवट निजून खंगू नये.

काल नातवाचा फोन आला. "आजी, मंदोबा पुन्हा उकरायला लागला!"

"लागू दे," मी म्हटले. "गॅरेजमधलं माझं लोणचं काढून ठेव. आणि हे बघ, उद्या बोलू. मी भजनाला निघाले आहे."