दहा बाय बारा आणि अब्बांचे कान

पुण्यात दहा बाय बाराच्या खोलीला हॉल म्हणतात. आमच्या हॉलमध्ये एक दिवाण, एक पुस्तकांचं कपाट, अम्मीची शिलाई मशीन आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. उरलेल्या जागेत माणसं बसतात. त्याच खोलीसाठी स्पीकर निवडायला मी अडीच महिने घेतले, म्हणून मित्रांनी भरपूर टिंगल केली. एक साउंडबार घे, टीव्हीखाली ठेव आणि मोकळा हो, असा सगळ्यांचा सल्ला. साउंडबार वाईट नसतो. पण प्रश्न माझ्या कानांचा नव्हता, अब्बांच्या कानांचा होता.

अब्बांनी सोलापुरात एकतीस वर्षं यंत्रमाग चालवले. टॉवेलचे. ज्यांनी धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये पाच मिनिटं काढली असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे. अशा शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि पाळी असते आठ तासांची, कधी बारा तासांची. कानात कापसाचा बोळासुद्धा नसायचा. सततच्या गोंगाटानं कान जातो तो एकदम जात नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा जातो, मग नुकसान आजूबाजूला पसरतं. अब्बांच्या ऑडिओग्राममध्ये ती रेघ तिथंच खड्ड्यात उतरलेली दिसते. त्यात आता वय.

या खड्ड्याचा अर्थ असा की त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. भाषेतले स्वर खालच्या पट्ट्यात असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, त, थ ही मंडळी वरच्या पट्ट्यात राहतात आणि मुळात अशक्त असतात. म्हणून 'साथ' आणि 'हाथ' अब्बांना एकच वाटतात. उर्दूत तर आणखी पंचाईत. ज़ आणि ज, फ़ आणि फ, यांच्यातला फरक सगळा त्या बारीक घासणाऱ्या आवाजात. गझल ऐकणाऱ्या माणसाचं नेमकं तेच गेलं तर उरतं काय? चाल.

आमच्या घरात गाणं ऐकावं की नाही हा वाद कधी झाला नाही. दादीनं रेडिओ सिलोन लावून तो आधीच मिटवला होता. अब्बांकडे दोन ट्रंका भरून कॅसेट होत्या. बेगम अख्तर, मेहदी हसन, अझीझ नाझां, युसूफ आझाद. त्यातच प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी आणि कव्वाली एकाच गळ्यातून येते याचं अब्बांना अजून कौतुक आहे. कॅसेट गेल्या, पण गाणी आता फोनवर मिळतात. मिळतात, आणि अब्बा पाच मिनिटांत बंद करतात. "बोल समझते नईं रे," एवढंच.

"मग कानाचं मशीन?" असं कुणीही विचारेल. आहे. बोलण्यासाठी ते चांगलं काम करतं. पण ते बोलण्यासाठीच जुळवलेलं असतं. त्याच्यात शिट्टी येऊ नये म्हणून एक व्यवस्था असते, आणि हार्मोनियमचा किंवा बासरीचा लांब धरलेला सूर आला की त्या व्यवस्थेला तीच शिट्टी वाटते. मग सूर थरथरायला लागतो. बऱ्याच मशिनांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मिळतो, तो आम्ही टाकून घेतला. तरी अब्बा गाणं ऐकताना मशीन काढून ठेवतात. हेडफोन दिले होते. उन्हाळ्यात कान घामेजतात, आणि अम्मीला काही ऐकू येत नाही. शिवाय हेडफोनमध्ये आवाज हळूहळू वाढवत नेण्याचा मोह होतो. उरलेले कान आम्हाला घालवायचे नाहीत.

तर स्पीकर. तपकीर गल्लीत तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानात आम्हाला आधी सबवूफर ऐकवला. "चाचा, बेस बघा बेस!" म्हणत पोरानं काहीतरी लावलं, काउंटरची काच थरथरली. अब्बा खुर्चीवर शांत बसून होते. संपल्यावर म्हणाले, "ये तो लूम है." पोराला कळलं नाही. मला कळलं.

त्यानंतर मी एक पद्धत ठरवली. फोनमध्ये तीन गाणी घेतली, एक गझल, एक कव्वाली आणि एक प्रल्हाद शिंदे. मुद्दाम अशी गाणी निवडली, जी अब्बांना पाठ नाहीत. पाठ असलेलं गाणं माणूस कानानं नाही, आठवणीनं ऐकतो. आवाज बोलण्याइतकाच ठेवायचा, दीड मीटरवर बसायचं आणि दर ओळीनंतर गाणं थांबवून अब्बांनी ऐकू आलेले शब्द सांगायचे. मी कागदावर खुणा करायचो. दुकानदार वैतागले, पण दुपारी गिऱ्हाईक नसल्यानं चालवून घेतलं. या परीक्षेत महागडा जोड खालच्या किमतीच्या जोडासमोर नापास झाला. त्यात खालचा आवाज गुबगुबीत होता आणि गाणारा जणू गोधडीआडून गात होता.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल दोन शब्द. 'पीएमपीओ' असं लिहून हजारो वॅट छापलेले डबे नव्वदच्या दशकात आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तो आकडा विसरा, आरएमएस बघा. आणि तोही फार मोठा नको. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळेल इतके. दीड-दोन मीटरवर बसून बोलण्याच्या पातळीवर ऐकायचं तर एक वॅटसुद्धा पूर्ण लागत नाही. वीस-तीस वॅटचा साधा अँप्लिफायर लहान खोलीत कधी धापा टाकणार नाही.

आता खोलीचं गणित. हे शाळेतल्या भागाकाराइतकंच अवघड आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. खोलीच्या मापाच्या दुपटीनं त्याला भागा, म्हणजे त्या दोन भिंतींमध्ये कोणता खालचा सूर अडकून घुमणार ते कळतं. आमची खोली १२ फूट लांब, म्हणजे ४७ हर्ट्झ. १० फूट रुंद, म्हणजे ५६. उंची साडेनऊ फूट, म्हणजे ५९. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकच आहेत. म्हणजे या खोलीत ५६ ते ५९ च्या आसपास काहीही वाजलं की रुंदी आणि उंची दोघी मिळून ते फुगवणार. अशा खोलीत सबवूफर आणणं म्हणजे आधीच घुमणाऱ्या घड्यात तोंड घालून ओरडणं. तो फुगलेला खालचा आवाज वरच्या व्यंजनांना झाकतो. निरोगी कानालाही झाकतो, अब्बांच्या तर विचारू नका. याउलट चार-पाच इंची वूफरचा छोटा स्पीकर ६० हर्ट्झच्या आसपास स्वतःच दमायला लागतो. जिथं तो दमतो तिथं खोली हात देते. ढोलकीची थाप गायब होत नाही आणि घरभर लोळतही नाही.

दुसरं कारण भिंतीपलीकडे आहे. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत चार इंची. वरचे सूर ती अडवते, खालचे अडवत नाही. पलीकडे गाणं ऐकू जात नाही, फक्त धप्प धप्प जातं. शेजाऱ्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. आणि आमच्या नावाच्या माणसाला या शहरात भाड्याचं घर मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते इथं नव्यानं सांगत नाही. सोसायटीत आमचं एकच घर. आवाजाची तक्रार इतर कुणाविरुद्ध आली तर ती आवाजाची असते. आमच्याविरुद्ध आली तर तिला काय काय चिकटेल सांगता येत नाही. शेजारी फार भले आहेत, त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. तरी हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही, आणि सबवूफरवर फुली मारताना तो होता.

शेवटी घेतला तो जोड पाच इंची वूफरचा, बंद पेटीचा. पाठीमागे भोक असलेले स्पीकर भिंतीपासून बरेच पुढे ओढावे लागतात, आणि आमच्याकडे 'बरेच पुढे' नावाची जागा नाही. सोबत जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर, ज्याला बेस आणि ट्रेबलची खरी बटणं आहेत. आत अँप्लिफायर असलेले स्पीकर मिळतात, एक डबा वाचतो, पण त्यातल्या पुष्कळांचं सगळं अॅपवर चालतं. अब्बांच्या बोटांना फिरवायची बटणं कळतात.

मांडणीनं मात्र स्पीकर बदलल्याइतका फरक पडला. आधी अम्मीनं ते कोपऱ्यात ठेवायला लावले. "कोने में रख, पैर को लगते." कोपऱ्यात दोन भिंती खालच्या आवाजाला आयता जोर देतात, पुन्हा तोच घुमारा. दोन दिवस तसं ऐकल्यावर अम्मीच म्हणाली की गाणारा रांजणात बसलाय. आता ते भिंतीपासून फूटभर पुढे, कोपऱ्यांपासून अडीच फूट आत आणि एकमेकांपासून साडेचार फुटांवर आहेत. अब्बांची खुर्चीही दोघांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर, म्हणजे समान बाजूंचा त्रिकोण. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आधी दिवाणावरून, म्हणजे जवळजवळ दुप्पट अंतरावरून ऐकायचो. अंतर निम्मं झालं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो आणि भिंतींवरून आपटून उशिरा येणारा तेवढाच राहतो. व्यंजनं धूसर करतो तो हा उशिरा येणारा. लहान खोलीत माणसाला जवळ बसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि अब्बांना तेच हवं होतं.

टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमधून 'टर्रर्र' असा आवाज यायचा. एका बाजूला जाड पडदा लावला, दुसरीकडे पुस्तकांचं कपाट सरकवलं, फरशीवर सतरंजी. टर्रर्र गेलं. खालचा घुमारा पडद्यानं जात नाही, त्यासाठी पडदा विकत घेऊ नका.

फोनमधल्या इक्वलायझरवर ३,००० ते ५,००० हर्ट्झचा पट्टा ४ डेसिबलनं वर केलाय. जास्त केला होता तेव्हा कव्वालीतल्या टाळ्या अब्बांना टोचायला लागल्या. अशा कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम सहन होत नाही, मधली जागा अरुंद असते. ती शोधायला आठवडा लागला. गेलेला पट्टा स्पीकर परत आणत नाही. 'साथ' आणि 'हाथ' अजूनही कधी कधी एक होतात.

पण परवा दुपारी एक गझल चालू असताना अब्बांनी ती तीनदा मागे घ्यायला लावली. एका शब्दावर ते आणि अम्मी भांडत होते. अम्मीचं म्हणणं एक, अब्बांचं दुसरं. मी फोनवर शोधून सांगतो म्हणालो, तर दोघांनी हातानंच मला गप्प केलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा मी चहा टाकायला आत गेलो होतो. वाद अजून चालू आहे.