नंबर लागेल का?

जून-जुलै आला की आमच्या वर्गाच्या दारात जुनी मुलं दिसू लागतात. दहावी आमच्या उर्दू शाळेतून, बारावी सायन्स तालुक्याच्या कॉलेजातून आणि हातात सीईटीचा निकाल. बाप मागे संकोचून उभा. प्रश्न एकच, "सर, नंबर लगेगा क्या?"

आम्ही बी.एड. झालेले गणिताचे मास्तर. मोहल्ल्यात एवढं पुरतं. इंजिनिअरिंगचं कॉलेज आम्ही आतून पाहिलेलं नाही, तरी बरीच वर्षं आम्ही बेधडक उत्तर देत होतो.

२०१९ साली असाच एक मुलगा आला. बाप गॅरेजात कामाला. आमच्या शाळेच्या कुठल्याच मुलाला आजवर मिळाले नव्हते एवढे पर्सेंटाइल. त्याने पर्यायांच्या यादीत सर्वांत वर पुण्याचं सीओईपी लिहिलं होतं. आम्ही हसलो. म्हणालो, "बेटा, १८५४ सालचं कॉलेज आहे ते. वहाँ अपने को कौन लेता? जवळचं लिही, नाहीतर हातचंही जाईल." त्याने आमच्यासमोर ते नाव खोडलं. पहिल्याच फेरीत जवळच्या कॉलेजात नंबर लागला. पेढे वाटले गेले.

पुढे शेवटच्या फेरीची यादी आम्ही सहज उघडून पाहिली. पुण्याच्या त्याच कॉलेजात एका शाखेची शेवटची जागा त्याच्याहून कमी पर्सेंटाइलवर गेली होती. मुलाने आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ईदला गळाभेट घेतो, सलाम करतो. त्याचं न बोलणंच आम्हाला टोचतं.

आम्ही त्याच्या संधीचा अंदाज केलाच नव्हता. आम्ही आमची भीती त्याला सांगितली होती.

तेव्हापासून अंदाज सोडून हिशेब शिकलो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तीन लाख मुलं बसली आणि ९७ पर्सेंटाइल मिळाले, तरी पुढे नऊ हजारांच्या आसपास मुलं असतात. कटऑफ बघायचा तो शेवटच्या फेरीचा, दोन-तीन वर्षांचा आणि आपल्या प्रवर्गाचा. त्या यादीतल्या 'एल' अक्षराचा रकाना मुलींच्या राखीव जागांचा, हेही आम्हाला उशिरा कळलं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका मुलाची यादी वरून खाली वाचत जातो. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. फक्त पहिला पर्याय पहिल्या फेरीत मिळाला तर तोच घ्यावा लागतो. म्हणून वर लिहायचं ते जे मनापासून हवं ते. त्या मुलाला आम्ही नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

२०२५ साली एक मुलगी आली. बाप बाजारात फळांची गाडी लावतो. या वेळी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. खुल्या प्रवर्गातून पाहिलं तर पुणं दूर होतं. पण घराणं बागवान, म्हणजे राज्याच्या ओबीसी यादीतलं. त्या रकान्यात, त्यातही मुलींच्या, आकडा तिच्या हाताशी येत होता. आम्ही खुश झालो आणि म्हणालो, "दाखला दाखव."

शाळा सोडल्याचा दाखला आमच्याच शाळेचा. धर्म मुस्लिम. जातीच्या रकान्यातही मुस्लिम.

पहिलीच्या वर्गात नाव घालताना कुणीतरी "जात?" विचारलं असेल, बापाने "मुसलमान" सांगितलं असेल आणि तेच रजिस्टरात उतरलं. ओबीसीचं प्रमाणपत्र मिळवायचं तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. मग जात पडताळणी, मग नॉन-क्रीमीलेयर. बापाने चार दिवस गाडी बंद ठेवली. आजोबांच्या जुन्या शाळेत दाखलखारीज रजिस्टरात 'बागवान' अशी नोंद सापडली. पण पडताळणीला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. फॉर्म खुल्या प्रवर्गातून भरला.

सर्वांत वर सीओईपीच लिहिलं. तिने विचारलं, "लिखूँ सर?" आम्ही म्हणालो, "लिख."

चौथा पर्याय मिळाला. कॉलेज चांगलं आहे. पण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना २०२४ पासून मिळणारी शिक्षण शुल्काची पूर्ण माफी हातची गेली. बाप म्हणाला, "लग गया ना सर, बहुत है." आम्हाला मान वर करवेना. त्या मुलीची संधी सीईटीच्या दिवशी कमी झाली नव्हती. ती बारा वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसात, आमच्याच शाईने कमी झाली होती.

आता जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की आम्ही क्लार्कच्या शेजारी जाऊन बसतो. मुलाचं बोट धरून बाप येतो. "जात?" "मुसलमान." क्लार्क लिहायला जातो, तोच आम्ही रजिस्टरवर हात ठेवतो.

"थांबा भाई. आधी आजोबांचा दाखला शोधून आणा. त्यात काय लिहिलंय ते बघू, मगच लिहू."

मूल कंटाळतं, बाप वैतागतो. "सर, पहिलीचा तर प्रवेश आहे!"

हो, पहिलीचाच.